विश्वकोशाच्या एका स्वयंसेवी संपादिकेला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी विकिपीडियावर स्वयंसेवी संपादिका म्हणून काम करते. माझ्या संपादनांची यादी उघडली की दीपगृहे, जुन्या कालगणना, नकाशावर असलेली पण समुद्रात नसलेली बेटे, शब्दकोशांतील चुका आणि उपेक्षित राहिलेल्या स्त्री-वैज्ञानिक असे विषय एकापाठोपाठ एक येतात. त्यामुळे ओळखीचे आणि अनोळखी वाचक मला ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. दर वेळी तुटक उत्तर देण्यापेक्षा ती सगळी उत्तरे एकदा नीट लिहून काढावीत, असे वाटले.

प्रश्न : तुमचे विषय इतके विखुरलेले का आहेत?

यादी पाहणाऱ्याला ते विखुरलेले दिसतात. काम करताना मात्र एक विषय दुसऱ्याचे बोट धरून येतो. एक उदाहरण देते. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या कोर्दुआँ दीपगृहावरील लेखात मी शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त करायला गेले होते. ओग्युस्तँ फ्रेनेल या शास्त्रज्ञाने तयार केलेले भिंग १८२३ साली प्रथम याच दीपगृहात बसवले गेले, असे तेथे लिहिलेले होते आणि त्या वाक्याला संदर्भ नव्हता. संदर्भ शोधायचा तर आधी ते भिंग कसे चालते हे समजायला हवे होते. अखंड, जाडजूड भिंगाऐवजी काचेच्या लोलकांची वर्तुळे एकाबाहेर एक रचली तर काच पुष्कळ कमी लागते आणि दिव्याचा चहूकडे पांगणारा प्रकाश क्षितिजाच्या दिशेने वळवता येतो, हे कळले तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. तेथून प्रकाश तरंगरूप आहे की कणरूप, या वादाकडे जाणे अटळच होते. फ्रेनेलचा तरंगसिद्धान्त खरा असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यभागी प्रकाशाचा ठिपका पडायला हवा, आणि असे काही घडणे शक्य नाही, असा युक्तिवाद प्वासाँ याने तो सिद्धान्त खोडून काढण्यासाठी केला; आरागो याने प्रयोग करून पाहिला, तर ठिपका खरोखरच दिसला. त्या आठवड्यात मी दीपगृह, काच, सावली आणि तीन शास्त्रज्ञ अशा सहा लेखांत संपादने केली. निमित्त होते एका चुकलेल्या वेलांटीचे.

प्रश्न : तुम्ही यांपैकी एकाही विषयातील तज्ज्ञ नाही. मग लिहिण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला?

प्रश्न रास्त आहे आणि मी तो स्वतःलाही विचारत असते. विश्वकोशातील वाक्यामागे लिहिणाऱ्याची पदवी उभी नसते, संदर्भ उभा असतो. एखादी गोष्ट खरी आहे हे मला ठाऊक आहे, एवढे पुरत नाही. ती कोणत्या विश्वासार्ह ठिकाणी, कोणत्या पानावर नोंदलेली आहे हे मला दाखवता आले पाहिजे आणि वाचकाला ते स्वतः उघडून पाहता आले पाहिजे. याला आम्ही पडताळण्याजोगेपणा म्हणतो. तज्ज्ञांनी लिहावेच, आणि अनेक तज्ज्ञ लिहितातही; पण त्यांच्या वाक्यांनाही हीच अट लागू असते.

या बाबतीत मला नेहमी अठराव्या शतकातील लुई द झोकूर आठवतो. दिदरो आणि दालाँबेर यांनी १७५१ पासून जो फ्रेंच विश्वकोश काढला, त्याच्या मजकुराच्या १७ खंडांतील सुमारे १७,००० नोंदी, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, या एका माणसाने लिहिला. त्याचे शिक्षण वैद्यकाचे होते. अनेक वर्षे खपून लिहिलेला वैद्यकीय कोश त्याने छपाईसाठी पाठवला, तर ते हस्तलिखित नेणारे जहाजच बुडाले. त्यानंतर तो दिदरोच्या कामात उतरला आणि वैद्यकापासून इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्थेपर्यंत दिसेल त्या विषयावर, मानधन न घेता, लेखनिकांचे वेतन स्वतःच्या खिशातून देऊन लिहीत राहिला. हा नुसता संकलक आहे, इतरांच्या ग्रंथांतून वेचतो, अशी टीका त्याच्यावर झाली. मला ती टीका वाटतच नाही. वेचणे, तपासणे, जुळवणे आणि सामान्य वाचकाला समजेल असे मांडणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, आणि ते करणाऱ्यांना इतिहासाने फारच कमी जागा दिली आहे.

प्रश्न : विकिपीडियावर मूळ संशोधनाला मनाई आहे. मग तुम्ही 'संशोधन प्रकल्प' कशाला म्हणता?

मनाई आहे ती नवा निष्कर्ष प्रथम विश्वकोशात मांडण्याला. समजा, दोन छापील चरित्रांत एका व्यक्तीची जन्मतारीख वेगवेगळी दिली आहे आणि मी जुन्या नोंदवह्यांवरून त्यांपैकी एक चूक आहे असे ठरवले, तर तो निष्कर्ष माझा झाला. त्याला लेखात स्थान नाही. तो मी अन्यत्र प्रसिद्ध करावा, अभ्यासकांनी त्याची छाननी करावी आणि मग दुसऱ्या कोणी त्याचा दाखला द्यावा, हा सरळ मार्ग आहे. लेखात मला एवढेच लिहिता येते की, अमुक चरित्रात ही तारीख आहे आणि तमुक चरित्रात ती.

परंतु कोणत्या चरित्रात काय आहे, त्या चरित्रकाराने ती माहिती कोठून घेतली, त्याच्याआधी ती कोणी छापली आणि सर्वांत जुना उल्लेख कोणता, हे शोधून काढायला कधीकधी महिने लागतात. एखाद्या वाक्याची वंशावळ लावण्याचे हे काम आहे. त्यातून नवे ज्ञान निर्माण होत नाही. पण जुन्या ज्ञानाचा पाया कोठे पक्का आहे आणि कोठे पोकळ, हे कळते. माझ्या मते याला संशोधन म्हणायला काहीच हरकत नाही.

प्रश्न : कालगणनेचा प्रकल्प नेमका काय आहे?

तो माझ्या चुकीतून सुरू झाला. आयझॅक न्यूटनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमधील स्मारकाच्या एका छायाचित्राखाली 'मृत्यू १७२६' असे लिहिलेले मला दिसले. न्यूटन १७२७ साली वारला हे पाठ होते, म्हणून मी घाईने आकडा बदलला. तासाभरात दुसऱ्या एका संपादकाने माझा बदल उलटवला आणि चर्चापानावर, म्हणजे लेखाविषयी संपादक आपसांत बोलतात त्या पानावर, शिलालेखाचे मोठे छायाचित्र लावून फक्त एवढेच लिहिले : 'कृपया अक्षरे मोजावीत.' मी छायाचित्र वाढवून रोमन अंक एकेक करून मोजले. शेवटी पाचचे चिन्ह आणि त्यानंतर एकच उभी रेघ होती. दगडावर १७२६ हेच साल कोरलेले आहे.

कारण असे की, त्या काळी इंग्लंडमध्ये कायद्याने नवे वर्ष १ जानेवारीला नव्हे, तर २५ मार्चला सुरू होत असे. न्यूटन वारला तो दिवस २० मार्चचा, म्हणजे तेथील लोकांच्या हिशेबाने १७२६ साल संपायला अजून पाच दिवस होते. शिवाय इंग्लंड तेव्हा ज्युलियन कालगणना पाळत होते, जी तोवर आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन कालगणनेच्या ११ दिवस मागे पडली होती. आजच्या हिशेबाने तो दिवस ३१ मार्च १७२७ येतो. एका मृत्यूच्या अशा तीन तारखा छापील ग्रंथांत सापडतात आणि तिन्ही आपापल्या परीने बरोबर आहेत. इंग्लंडने १७५२ साली कालगणना बदलली तेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला.

तेव्हापासून मी 'एकाच दिवशी' किंवा 'एकाच वर्षी' अशा शब्दांनी सजवलेली विधाने गोळा करते. गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत असताना वाचलेले असते. गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२ चा, पण तो ग्रेगोरियन हिशेबाने. न्यूटनचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा, पण तो ज्युलियन हिशेबाने. दोन्ही तारखा ग्रेगोरियन कालगणनेत मांडल्या तर न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ ला जातो. दोन्ही ज्युलियन कालगणनेत मांडल्या तर गॅलिलिओचा मृत्यू २९ डिसेंबर १६४१ ला येतो. कोणतीही एकच मोजपट्टी लावली तर वर्ष जुळत नाही. ते जुळते फक्त दोन मोजपट्ट्या मिसळल्यावर. शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेस या दोघांच्या नावापुढे २३ एप्रिल १६१६ ही तारीख असते, तिचेही तसेच. स्पेन तेव्हा ग्रेगोरियन कालगणनेवर होता आणि इंग्लंड ज्युलियन, त्यामुळे या दोन तारखांत प्रत्यक्षात दहा दिवसांचे अंतर आहे. आणि सर्व्हान्तेसच्या बाबतीत २३ ही दफनाची तारीख असून तो आदल्या दिवशी वारला, असे आता अभ्यासक मानतात.

प्रकल्पाचे प्रत्यक्ष काम फार साधे आहे. विकिडेटा या विकिपीडियाच्या भगिनी प्रकल्पात प्रत्येक तारखेबरोबर ती कोणत्या कालगणनेतील आहे हेही नोंदवता येते. ज्या देशांनी कालगणना उशिरा बदलली तेथील व्यक्तींच्या तारखा काढायच्या, मूळ संदर्भात कोणती पद्धत वापरली आहे ते पाहायचे आणि तशी खूण करायची. रशियाने ती १९१८ साली बदलली. तेथील १९१७ ची 'ऑक्टोबर क्रांती' आपल्या हिशेबाने ७ नोव्हेंबरला झाली, हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. पण त्याच काळातील एखाद्या कमी परिचित चित्रकाराचा किंवा वनस्पतिशास्त्रज्ञाचा जन्मदिवस मात्र कोणी तपासत नाही. एका संध्याकाळी साधारण सात-आठ नोंदी होतात.

प्रश्न : तुमच्या सदस्यपानावर 'नसलेल्यांची वही' आहे. ती काय आहे?

जगात नसलेल्या, पण ग्रंथांत आणि नकाशांत नांदलेल्या गोष्टींची ती यादी आहे. तिची सुरुवात 'डॉर्ड' या शब्दापासून झाली. १९३४ साली निघालेल्या वेबस्टरच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात हा शब्द 'घनता' या अर्थाने छापला गेला. खरे तर घनतेसाठी 'डी' हे अक्षर, मोठ्या किंवा लहान लिपीत, संक्षेप म्हणून वापरता येते, असे सांगणारी ती एक चिठ्ठी होती. तिच्यावरील 'डी ऑर डी' ही अक्षरे एकत्र वाचली गेली आणि संक्षेपांच्या गठ्ठ्याऐवजी चिठ्ठी शब्दांच्या गठ्ठ्यात गेली. या शब्दाला व्युत्पत्तीच नाही, हे १९३९ साली एका संपादकाच्या ध्यानात आले.

नकाशांची उदाहरणे याहून विलक्षण आहेत. जेम्स रेनेल याने १७९८ साली पश्चिम आफ्रिकेच्या नकाशावर काँग पर्वतरांग दाखवली. ती रांग तेथे नाही, हे फ्रेंच प्रवासी बँजे याने १८८० च्या दशकाच्या अखेरीस प्रत्यक्ष जाऊन सांगितले. मधल्या काळात एका नकाशावरून दुसरा नकाशा काढणाऱ्यांनी ती रांग निष्ठेने पुढे नेली. आपण म्हणाल की हे जुने झाले. पण ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनिया यांच्यामधील कोरल समुद्रात 'सँडी आयलंड' नावाचे बेट डिजिटल नकाशांवर २०१२ पर्यंत दिसत होते. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये 'सदर्न सर्व्हेयर' या संशोधन जहाजावरील शास्त्रज्ञ तेथे पोचले, तेव्हा बेटाच्या जागी १,३०० मीटरपेक्षा खोल पाणी होते. १८७६ साली एका जहाजाने केलेल्या नोंदीपर्यंत या बेटाचा माग लागतो.

या वहीतील प्रत्येक नोंदीपुढे मी तीन रकाने ठेवते : पहिला उल्लेख कोणाचा, कोणी कोणाकडून घेतले आणि प्रत्यक्ष जाऊन कोणी पाहिले. तिसरा रकाना बहुतेक वेळा फार उशिरा भरतो.

प्रश्न : आणि चूक विकिपीडियावरूनच बाहेर पसरली तर?

पसरते, आणि ही आमच्या कामातील सर्वांत गंभीर अडचण आहे. २००८ साली अमेरिकेतील एका विद्यार्थ्याने दक्षिण अमेरिकेतील कोआटी या प्राण्याच्या लेखात 'याला ब्राझिलियन आर्डव्हार्क असेही म्हणतात' असे गमतीने लिहून टाकले. त्याला कसलाही आधार नव्हता. काही वर्षांत ते नाव वृत्तपत्रांत आणि पुस्तकांत आले; मग तीच वृत्तपत्रे लेखात संदर्भ म्हणून लावली गेली आणि थापेला आधार मिळाला. २०१४ साली हा प्रकार उघडकीस आला.

अशा वर्तुळातून बाहेर पडण्याचा उपाय लेखाच्या 'इतिहास पहा' या कळीमागे आहे. कोणते वाक्य कोणत्या दिवशी आले, हे तेथे मिनिटापर्यंत पाहता येते. वाक्य २००८ चे असेल आणि त्याचा संदर्भ २०११ चा असेल, तर मी थांबते आणि २००८ च्या आधी तीच गोष्ट कोणी छापली होती का, ते शोधते. तसे काही सापडले नाही तर वाक्य काढते आणि चर्चापानावर कारण लिहिते. कारण लिहिणे महत्त्वाचे आहे. अन्यथा पुढच्या महिन्यात कोणीतरी चांगल्या हेतूने तेच वाक्य, त्याच संदर्भासह, परत आणून ठेवतो.

प्रश्न : स्त्री-वैज्ञानिकांच्या लेखांवर इतका भर का?

कारण तेथील पोकळी मोठी आहे आणि ती आपोआप भरत नाही. २ ऑक्टोबर २०१८ रोजी डोना स्ट्रिकलंड यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले तेव्हा इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्यावर लेख नव्हता. त्यांच्याबरोबर ते पारितोषिक विभागून मिळालेल्या जेरार मुरू यांच्यावर मात्र होता. स्ट्रिकलंड यांच्यावरील मसुदा त्याच वर्षी कोणीतरी सादर केला होता, परंतु त्यांची उल्लेखनीयता सिद्ध करणारे स्वतंत्र संदर्भ पुरेसे नाहीत, या कारणावरून तो नाकारला गेला होता. मेरी क्यूरी (१९०३) आणि मारिया गेपर्ट मायर (१९६३) यांच्यानंतर हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या स्त्री होत.

ज्याने मसुदा नाकारला त्याला दोष देणे सोपे आहे. पण नियम सर्वांना सारखाच होता. ज्यांच्याविषयी आधीच कमी लिहिले गेले, त्यांच्याविषयी विश्वकोशातही कमी लिहिले जाते, हे खरे दुखणे आहे. म्हणून माझे काम लेख लिहिण्यापेक्षा संदर्भ जमवण्याचे अधिक असते : जुन्या नियतकालिकांतील मृत्युलेख, संस्थांचे वार्षिक अहवाल, पुरस्कारांची प्रशस्तिपत्रे, दुसऱ्याच कोणाच्या चरित्रातील एखादे प्रकरण. एका रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या बाबतीत मला पहिला धागा त्यांच्या विभागप्रमुखांच्या चरित्राच्या तळटीपेत मिळाला. तेथे त्यांचे आडनावही पूर्ण नव्हते, केवळ आद्याक्षरे होती. आद्याक्षरांवरून शोधनिबंध, शोधनिबंधांवरून संस्था आणि संस्थेच्या अहवालावरून पूर्ण नाव, असे करत तो लेख उभा राहायला चार महिने लागले. त्या रात्री त्यांचे नाव निळ्या दुव्यात, म्हणजे लेख असल्याच्या खुणेसह, पाहून मला जे समाधान झाले, ते मी येथे शब्दांत मांडू शकणार नाही.

प्रश्न : एखादा संदर्भ तुम्ही कसा तपासता?

प्रथम तो अस्तित्वात आहे का, ते पाहते. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक तेरा आकडी असेल तर त्याचे अंक आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करावी. तिला १० ने निःशेष भाग गेला नाही, तर क्रमांक चुकीचा आहे. कागद-पेन्सिलीने अर्ध्या मिनिटात होणारी ही तपासणी आहे आणि तिने मला अनेकदा वाचवले आहे. मग दिलेल्या पानावर ती गोष्ट खरोखर लिहिलेली आहे का, हे पाहते. आश्चर्य वाटेल, पण पुस्तक बरोबर, पान बरोबर आणि मजकूर मात्र नेमका उलट, असेही आढळते. लेखकाने एखादे मत खोडण्यासाठी उद्धृत केलेले असते आणि संपादकाने ते लेखकाचेच मत समजलेले असते. शेवटी, दोन संदर्भ दिले असतील तर ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का, हे पाहते. दहा बातम्या एकाच वृत्तसंस्थेच्या असतील तर तो संदर्भ एकच.

पुस्तके मिळवायची कोठून, असेही पुष्कळ जण विचारतात. शुल्क भरावे लागणारे अनेक ज्ञानसंग्रह सक्रिय संपादकांना 'विकिपीडिया लायब्ररी'मार्फत विनामूल्य उघडता येतात. किमान सहा महिन्यांचे खाते, एकूण ५०० संपादने आणि गेल्या महिन्यात किमान १० संपादने, अशा तिच्या मुख्य अटी आहेत.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लेख लिहून घेता का?

नाही. ही साधने अस्खलित वाक्ये लिहितात आणि त्यांना साजेसे संदर्भही रचतात : लेखकाचे नाव ओळखीचे, शीर्षक पटण्याजोगे, पृष्ठक्रमांकही दिलेला, आणि असे पुस्तक कधी निघालेलेच नाही. माझ्या 'नसलेल्यांच्या वही'त अशा पुस्तकांचा वेगळा विभाग करावा लागला आहे.

प्रश्न : इंग्रजी लेखाचे सरळ भाषांतर करणे सोपे नाही का?

दिसते तितके सोपे नाही. भाषांतर करताना मूळ लेखातील प्रत्येक संदर्भ पुन्हा उघडावा लागतो, अन्यथा त्यातील चुकाही आपण भाषांतरित करतो. विशेषनामांचा प्रश्न वेगळाच. इंग्रजी वर्णलेखनावरून लिहिणारे 'फ्रेस्नेल' लिहितात. फ्रेंच उच्चारात तो 'स' नाही. म्हणून मी मूळ भाषेतील उच्चार ऐकते, जवळात जवळचे देवनागरी रूप शीर्षकाला घेते आणि रूढ असलेल्या इतर रूपांवरून लेखाकडे पुनर्निर्देशन करते. परिभाषेचेही तसेच, प्रकाशकिरण वळण्याच्या एकाच कल्पनेसाठी 'अपवर्तन' आणि 'प्रणमन' हे दोन्ही शब्द मराठीत चालतात, आणि कोणताही एक शोधणारा वाचक योग्य पानावर पोचला पाहिजे.

प्रश्न : माझ्यावर किंवा आमच्या संस्थेवर लेख लिहाल का?

नाही, आणि कृपया स्वतःही लिहू नये. आपल्याविषयी स्वतंत्र, सविस्तर लेखन प्रसिद्ध झालेले असेल तर आपला परिचय नसलेला एखादा संपादक लेख लिहील. मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने तो कोणाकडून मिळतो हे जाहीर करणे २०१४ पासून, विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया या संस्थेच्या वापरअटींनुसार, बंधनकारक आहे. मी मोबदला घेतच नाही.

प्रश्न : तुमचे लिखाण कोणी उलटवले तर वाईट वाटत नाही का?

वाटते. तीन आठवडे खपून लिहिलेला परिच्छेद 'संदर्भ अपुरा' एवढ्या दोन शब्दांनी गेला की दुखावल्यासारखे होते. अशा वेळी मी त्या दिवशी उत्तर लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी चर्चापानावर जाऊन आक्षेप नेमका कोणत्या वाक्यावर आहे, एवढेच विचारते. न्यूटनच्या स्मारकाखालचा माझा बदल ज्यांनी उलटवला, ते पुढे कालगणनेच्या प्रकल्पातील माझे सर्वांत जवळचे सहकारी झाले. आम्ही एकमेकांना कधी भेटलेलो नाही. पण अर्ध्या तारखा त्यांनी तपासल्या आहेत आणि माझ्या निदान डझनभर चुका त्यांनी पकडल्या आहेत.

प्रश्न : यासाठी किती वेळ देता?

कामाच्या दिवशी तासभर, सुटीच्या दिवशी थोडा अधिक. लहर लागली की हिशेब राहत नाही.

प्रश्न : अर्धवट राहिलेल्या प्रकल्पांचे काय होते?

पूर्ण झालेल्यांपेक्षा ते कितीतरी जास्त आहेत. मी ते माझ्या सदस्यपानाच्या उपपानांवर उघडे ठेवते, कोणालाही वाचता येतील असे. प्रत्येकात मी कोठवर पोचले, कोणते ग्रंथ पाहिले, कोणते मिळाले नाहीत आणि कोणत्या वाटेने गेल्यास काही हाती लागत नाही, हे लिहिलेले असते. हा शेवटचा भाग मला सर्वांत उपयोगी वाटतो, कारण निष्फळ शोधाची नोंद सहसा कोणी ठेवत नाही आणि मग दुसरा माणूस त्याच बंद दारावर तितकाच वेळ थापा मारत राहतो. दीपगृहांच्या भिंगांची यादी मी दोन वर्षे हातात घेतलेली नव्हती. मध्यंतरी कोणा अनोळखी सदस्याने येऊन तीत अकरा नोंदींची भर घातली आणि प्रत्येकीला पृष्ठक्रमांकासह संदर्भ दिला.

प्रश्न : मला सुरुवात करायची आहे. काय करू?

नवा लेख सध्या लिहू नये. ज्या विषयाचे एखादे चांगले पुस्तक आपल्या घरात आहे, त्यावरील लेख उघडावा आणि 'संदर्भ हवा' अशी खूण असलेले एक वाक्य निवडावे. पुस्तकात ते शोधावे. सापडले, तर लेखक, शीर्षक, प्रकाशनवर्ष आणि पृष्ठक्रमांक देऊन संदर्भ जोडावा. पुस्तक वेगळेच सांगत असेल, तर दोन्ही गोष्टी चर्चापानावर मांडाव्यात. संदर्भाचे तयार साचे कसे वापरायचे हे प्रथम धूळपाटीवर, म्हणजे सरावासाठीच्या पानावर, करून पाहावे, तेथे काहीही बिघडत नाही. आणि बदल जतन करण्यापूर्वी 'संपादन सारांश' या चौकटीत आपण काय केले ते एका ओळीत लिहावे, कारण दहा वर्षांनी इतिहासपान उघडून बसलेल्या कोणालातरी तीच ओळ हवी असते.